एकोणिसाव्या मिनिटाचा चेंडू

हेजिन
सोमवार, १७ नोव्हेंबर

दादा,

आधी 'तुम्ही' लिहिलं होतं. मोठ्या काकांच्या घरी तुला सगळे तसंच म्हणतात, मग मी तरी वेगळं का लिहावं, असा विचार केला. दोन ओळींनंतर वाचून पाहिलं तर विमा कंपनीला लिहिल्यासारखं वाटलं, म्हणून कागद बदलला. तुझा जुना नंबर लागत नाही. पत्ता काकूंनी दिला. कशाला हवाय, असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

काल स्टेडियमच्या दाराशी सामन्याचा कागद चिकटवला होता. मी नेहमीप्रमाणे आपले अकरा वाचले, चोंग-उनचे अकरा वाचले, मग पंचांची नावं. रेषापंच, दुसरा: हाम गी-बेक. माझं बोट त्या ओळीवरच राहिलं. मागची बाई म्हणाली, "अगं, पाठ करतेयस का? सरक की." मी सरकले. दुसरा कुणी असेल असं स्वतःला सांगत जागेवर जाऊन बसले. मग तुम्ही चौघं मैदानात धावायला आलात आणि तुझा डावा खांदा लहानपणासारखाच खाली झुकलेला दिसला.

चार वर्षांनी तुला पाहिलं ते असं, पाठमोरं. पिवळा शर्ट, हातात झेंडा, माझ्यापासून दहा पावलांवर. माझी जागा त्याच कोपऱ्यात असते, पेनल्टीच्या चौकोनाच्या सरळ रेषेत. टीमच्या चाहत्यांच्या आमच्या मंडळासाठी मी तिथून फोनवर सामना टिपते. तू एकदाही मागे वळला नाहीस. वळायचं नसतंच, ते मला कळतं.

जे घडलं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण स्टँडमधून ते कसं दिसलं ते तुला माहीत नसेल.

पहिला सामना त्यांच्या गावी शून्य-शून्य सुटला होता. काल जो जिंकेल त्याचा करंडक. आपल्या हेजिनच्या गोदीच्या टीमला अंतिम फेरीत यायला बावीस वर्षं लागली. एकोणिसाव्या मिनिटाला आपल्या जे-ग्यूने गोलरेषेपर्यंत पळत जाऊन चेंडू मागे ओढला आणि डोक्याने गोल झाला. छान गोल होता. त्याबद्दल काही म्हणायचं नाही.

एकेचाळिसाव्या मिनिटाला आपला दुसरा गोल. सगळे उठले, आमच्या मंडळाचे प्रमुख बोन-ते काका यांनी ढोलावर दोन ठोके मारलेसुद्धा, आणि मग तुझा झेंडा वर दिसला. ऑफसाइड. मग चार हजार माणसं एका सुरात "शुद्धीवर ये, पंचा" म्हणायला लागली. दादा, ऑफसाइड म्हणजे काय हे मला तूच शिकवलंस, मी शाळेतही जात नव्हते तेव्हा, जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून. अक्षरंही तूच शिकवलीस. त्यामुळे मी ओरडले नाही. ओठ मात्र हलवले, शेजारच्यांना दिसावं म्हणून.

उत्तरार्धात त्यांनी बरोबरी केली, त्यात वाद नाही. आणि नव्वद मिनिटं उलटून चौथ्या मिनिटाला त्यांच्या फटक्यावर चेंडू आपल्या बचावपटूच्या हाताला लागला. चौकोनाच्या आत की बाहेर? मुख्य पंचाला कळेना, त्याने तुझ्याकडे पाहिलं, आणि तू कोपऱ्यातल्या झेंड्याकडे चालू लागलास. म्हणजे आत. पेनल्टी. एक-दोन. करंडक गेला.

सामन्यानंतर लोकांनी पंचांच्या गाडीचं फाटक अडवलं. आमच्याकडे ती रीतच आहे. हरल्यावर प्रशिक्षकाचीही बस अडवतात, खाली उतरून बोलायला लावतात. बोन-ते काका कर्णा घेऊन पुढे होते. "बाहेर ये बाबा, खात नाही तुला. डोळे दोन आहेत की एक, एवढंच मोजायचंय." लोक हसले, मग कुणीतरी बाटली फेकली आणि हसणं थांबलं. पोलिसांनी तुम्हाला दुसऱ्या दाराने नेलं. मी मागे उभी होते.

तू माझा भाऊ आहेस हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय? मोठ्या काकांना मुलगा नाही, पितरांना वाढायला घराण्यात कुणीतरी हवं, म्हणून चौदाव्या वर्षी तुला त्यांच्या मांडीवर दिलं. तेव्हापासून कागदावर तू त्यांच्या आनदोंग गावचा, त्यांचा मुलगा. मंडळातल्या कुणालाच ते माहीत नाही, ते सगळे नंतरचे आहेत.

मला एकच गोष्ट समजत नाही. पंचाला त्याच्या गावच्या टीमचा सामना देत नाहीत. नेमणुकीचा फोन आला तेव्हा 'हे माझं गाव आहे, वडील आणि बहीण तिथे राहतात' एवढं तू का म्हणाला नाहीस?

यो-जिन


हेजिन
बुधवार, १९ नोव्हेंबर

दादा,

माझं पत्र अजून पोचलं नसेल. तरी हे लिहितेय, कारण काल दोन गोष्टी झाल्या आणि त्या मला एकटीला धरवत नाहीत.

काल कामावरून आल्यावर मी माझा व्हिडिओ पाहिला. शांतपणे, थांबवत थांबवत. एकेचाळिसाव्या मिनिटाला पास सुटतो तेव्हा आपला खेळाडू शेवटच्या बचावपटूच्या पाऊलभर पुढे आहे. पाऊलभर म्हणजे खरंच एक पाऊल, बुटासकट. मी टेबलावर पट्टी आणून पडद्यावर धरली. तू बरोबर होतास. सगळं गाव तुला चोर म्हणतंय आणि तू बरोबर होतास.

पेनल्टीचं सांगता येत नाही. पुढचे लोक उभे राहिले होते, व्हिडिओत नुसत्या पाठी आहेत. मनातून मला अजून वाटतं की हात चौकोनाबाहेर होता, पण ते माझं मन आहे, डोळे नाहीत.

आणि एकोणिसाव्या मिनिटाला चेंडू बाहेर आहे. जे-ग्यू पोचायच्या आधीच तो गोलरेषा ओलांडून गेलाय. रेषा आणि चेंडू यांच्यामध्ये हिरवं गवत दिसतं. तिथून त्याने तो मागे ओढला आणि आपला गोल झाला. मला हे काल व्हिडिओ पाहताना दिसलं. त्याबद्दल कुणीच काही बोललेलं नाही. चोंग-उनचे जिंकलेत, ते कशाला बोलतील? आणि आपले तर नाहीच.

तू रेषेवर होतास. तुला तो दिसला का?

दुसरी गोष्ट. संध्याकाळी मंडळाच्या गटात एक फोटो आला. सामन्याआधी कुणीतरी स्टेडियमच्या मागच्या दाराशी सहज काढलेला. त्यात एक म्हातारा, निळं जाकीट, टोपी, पाठमोरा, कापडात बांधलेलं काहीतरी दोन्ही हातांनी पुढे करतोय. समोर तू आहेस. तूही ते दोन्ही हातांनी घेतोयस, कमरेत वाकून.

मग सुरू झालं. "सापडला." "हा चोंग-उनचा म्हातारा." "पैसे पाकिटात घालायची लाज वाटली, म्हणून डबा केला." एकाने लिहिलं, "एवढा तर मी सासऱ्यासमोरही वाकत नाही, कितीचं बोचकं असेल विचार करा." बोन-ते काकांनी लिहिलं, "म्हाताऱ्याचा चेहरा कुणाकडे आहे? शुक्रवारी तक्रार जातेय. नाव कळलं तर त्यालाही घालतो."

दीडशे माणसं त्या म्हाताऱ्याला शोधताहेत, दादा, आणि मी त्याचं जाकीट दर रविवारी दोरीवर वाळत घालते. त्याच्या उजव्या कोपरावर ठिगळ आहे. ते मीच लावलंय.

गटात मला लोकांनी विचारलं, "यो-जिन, तुझ्या व्हिडिओत हा कुठे दिसतो का बघ." मी लिहिलं, "बघते." खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

यो-जिन


हेजिन
गुरुवार, २० नोव्हेंबर

दादा,

आज बाबांना विचारलं. ते गच्चीत बसून पर्सिमनची फळं सोलत होते, वाळत घालायला. आई गेल्यापासून तेच करतात. साल एका लांब पट्टीत निघाली पाहिजे, तुटली तर स्वतःवरच चिडतात.

"बाबा, रविवारी स्टेडियमच्या मागच्या दाराशी तुम्ही होतात?"

"होतो."

मला वाटलं होतं की आधी नाही म्हणतील.

"दादाला काय दिलंत?"

"वाढदिवस होता त्याचा. आपल्या पंचांगाने. सूप दिलं."

"कसलं?"

"वाढदिवसाला कसलं करतात? समुद्री शेवाळाचं."

"सामन्याच्या दिवशी?"

सुरी थांबली.

"माझ्या लक्षातच आलं नाही गं," ते म्हणाले. "तुझी आई असती तर हातातून काढून घेतलं असतं."

माझ्या परीक्षेच्या वर्षात आईने घरात शेवाळाचा तुकडा येऊ दिला नव्हता. ते बुळबुळीत, खाल्लं की पाय घसरतो, परीक्षा हातची जाते. लहान पोरालाही कळतं हे. आणि बाबांनी ते अंतिम सामन्याच्या तासभर आधी रेषापंचाच्या हातात ठेवलं.

मग एकेक कळत गेलं. तुझ्या वाढदिवसाला ते दर वर्षी ते सूप करतात. स्वतःच पितात. मी सकाळी कामावर गेलेली असते, म्हणून मला माहीत नव्हतं. या वर्षी रविवार आला. सकाळी घरात वास आला तेव्हा मी विचारलंही होतं, आणि ते म्हणाले होते, "थंडी पडलीय, काहीतरी गरम." दुपारी ते माझ्याआधी स्टेडियमवर गेले, दारावरचा कागद वाचला, आणि दहा मिनिटांची वाट चालत घरी येऊन थर्मास भरला. आईच्या पिवळ्या कापडात बांधला.

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, 'जेवलात का?'"

"आणि?"

"विचारलं, कुठे बसणार. मी म्हटलं, त्या कोपऱ्यात, यो-जिनजवळ. पोरीने जागा धरलीय."

"एवढंच?"

"एवढंच. त्याला आत जायचं होतं ना." मग म्हणाले, "दोन्ही हातांनी घेतलं त्याने."

गटातला फोटो मी त्यांना दाखवला. खालची बडबड त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवली. दादा, वाचायला नको होती. सासऱ्याचं वाक्य ऐकून ते आधी हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं की तो म्हातारा म्हणजे आपण.

"मी चोंग-उनचा?" ते म्हणाले. "सदतीस वर्षं या गोदीत जहाजं जोडली मी."

आता ऐक. उद्या तक्रार जातेय, फोटोसकट. मी गप्प बसले तर तू विकला गेलेला पंच ठरशील आणि जन्मभरासाठी झेंडा जाईल. मी बोलले, तर तू पैसे घेतले नाहीस हे कळेल, पण गाव लपवलंस हेही कळेल, आणि झेंडा तरीही जाईल. दोन्हीकडून जाणारच असेल तर कुठल्या नावाने जावा, एवढंच आपल्या हातात आहे. मला वाटतं ते तू स्वतः बोलावंस. शनिवारी दुपारी मंडळाची बैठक आहे. तोवर मी थांबते. हे पत्र जलद टपालाने पाठवतेय, उद्या तुझ्या हातात पडेल.

आईच्या वेळचं मी विसरलेले नाही. मोठे काका म्हणाले होते, हा आता माझा मुलगा, त्याने मुलाची सुतकाची पट्टी दंडावर बांधायची नाही. बाबा मान खाली घालून उभे राहिले. तू पुतण्या म्हणून तिसऱ्या रांगेत उभा राहिलास, तुझ्या स्वतःच्या आईच्या वेळी. ती पट्टी आत्याच्या मुलाच्या दंडावर मी बांधली. मला कुणी सांगितलं नव्हतं. ती ट्रेमध्ये पडून होती, सगळे बघत होते, आणि मला वाटलं की कुणीतरी ती बांधायला हवी.

तू रागावलेला असशील तर मला चालेल. पण उत्तर दे.

यो-जिन


हेजिन
शनिवार, २२ नोव्हेंबर

दादा,

उत्तर आलं नाही. टपालखात्याच्या पानावर 'स्वतः घेतले' असं दिसतं. म्हणजे तू वाचलंस.

बैठक बोन-ते काकांच्या खानावळीत असते. तीसेक जण होते. भिंतीवरच्या टीव्हीला माझा फोन जोडला होता, कारण सगळ्यांना ऑफसाइडचा पुरावा हवा होता. मी म्हणाले, "आधी बघा, मग बोला," आणि एकेचाळिसावं मिनिट लावलं. थांबवलं.

"पुन्हा लाव," काका म्हणाले.

पुन्हा लावलं.

"कॅमेरा तिरका असेल."

"मी चौकोनाच्या रेषेत बसते, काका. तुम्हीच बसवलंत."

"बूट पुढे आहे रे," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. काकांनी वळून पाहिलं तर सगळ्यांच्या माना ताटात.

मग मी एकोणिसावं मिनिट लावलं. तेही थांबवलं. चेंडू, गवत, रेषा. भांडी घासणाऱ्या काकूसुद्धा दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे कशाला दाखवतेस?" काका म्हणाले. "कुणी मागितलं होतं?"

"एकच व्हिडिओ आहे. अर्धा कसा दाखवू?"

"पोरी, जगात लोक अर्धंच दाखवतात." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू त्या रेषापंचाची एवढी बाजू का घेतेस?"

मी उभी राहिले. खुर्चीची पाठ धरली. "फोटोतला म्हातारा चोंग-उनचा नाही," मी म्हणाले. "माझे वडील आहेत. त्या बोचक्यात शेवाळाचं सूप होतं. रेषापंच माझा सख्खा भाऊ आहे, माझ्या मोठ्या काकांना दत्तक गेलेला. त्याचा त्या दिवशी वाढदिवस होता."

दादा, मला शिव्यांची अपेक्षा होती. एका बाईने तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "अगं बाई, सामन्याच्या दिवशी?" आणि दोन-तीन जण हसले, आणि हसू आल्याचीच लाज वाटून गप्प झाले.

काका हसले नाहीत. "दोक-सू दादांनी?" त्यांनी विचारलं. बाबांना ते गोदीतल्या दिवसांपासून ओळखतात. "आणि मी त्यांना चोर म्हणालो? चार दिवस?" मग बराच वेळ ढोलाच्या काठ्या एकीवर एक ठेवत बसले. "तक्रार कालच गेली," ते म्हणाले. "परत घेता येत नाही. पण तूही लिही. जे दिसलं ते सगळं लिही. मला आवडणार नाही, तरी लिही."

पाठवणाऱ्याने फोटो गटातून काढून टाकला. आता काढून उपयोग नाही, तो सगळीकडे गेलाय. दोघं जण माझ्याशी न बोलता निघून गेले. ते गोलबद्दल, की तुझ्याबद्दल, मला कळलं नाही.

मी जबाब लिहिलाय, सोबत त्याची प्रत आहे. ऑफसाइड बरोबर होता, हे लिहिलंय. पेनल्टीबद्दल माहीत नाही, हे लिहिलंय. बाबा आणि सूप, दत्तक, गाव, सगळं लिहिलंय. एकोणिसाव्या मिनिटाबद्दल असं वाक्य आहे: 'चेंडू बाहेर गेलेला व्हिडिओत दिसतो. रेषापंचाला तो दिसला का, हे मला माहीत नाही.' त्यापुढे जागा सोडलीय. ते मी लिहू शकत नाही. पंचांची शिस्त समिती बुधवारी सोलमध्ये बसतेय. बाबांना घेऊन मीही जाणार आहे, तसं जबाबात लिहिलंय.

माझी खात्री आहे की तुला दिसला नसणार. जे-ग्यू आडवा होता. मी तसं तोंडी सांगेन, विचारलं तर.

यो-जिन


हेजिन
रविवार, ३० नोव्हेंबर

दादा,

बुधवारपासून मी त्या खोलीतून बाहेरच आलेले नाही. जेवते, कामावर जाते, पण ते लांब टेबल समोर असतंच आणि तू त्याच्या टोकाला उभा.

मी मनात सगळं जुळवून आले होते. ऑफसाइडला त्यांनी माझा व्हिडिओ लावला आणि निर्णय बरोबर, असं लिहून घेतलं. बाबांनी सुपाचं सांगितलं तेव्हा अध्यक्षांनी चष्मा काढला. "सामन्याच्या दिवशी?" त्यांनी विचारलं, आणि बाबा म्हणाले, "चुकलं साहेब, बायको नाही घरात." मग त्यांनी तुला विचारलं, "प्यायलात?" तू म्हणालास, "सगळं." कारकून मान खाली घालून हसला. मला वाटलं, सुटलो. गाव लपवल्याची एक-दोन वर्षांची शिक्षा होईल, पण नाव वाचलं.

मग एकोणिसावं मिनिट आलं. अध्यक्षांनी माझा कागद पुढे ओढला. किती सांभाळून विचारलं त्यांनी. "खेळाडू आडवा होता. तुम्हाला चेंडू दिसला नसेल?" दादा, ते दार त्यांनी तुझ्यासाठी उघडून धरलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

"दिसला," तू म्हणालास.

"काय दिसलं?"

"पूर्ण बाहेर होता."

"मग झेंडा?"

"हात उचलला नाही."

"का?"

"पाठीमागे वडील बसले आहेत, हे माहीत होतं."

अध्यक्ष म्हणाले, "आणि पुढचा ऑफसाइड? पेनल्टी?" तू म्हणालास, "त्यानंतर एकही सोडला नाही. मला सोडवला नाही." पेनल्टीही खरी होती, असं तू म्हणालास. आता माझा त्यावर विश्वास बसतो, कारण ज्या माणसाने हे सांगितलं तो ते कशाला खोटं सांगेल?

मी बाबांकडे पाहिलं नाही. बघायचं धाडस झालं नाही. मी आठवडाभर ज्याचा प्रामाणिकपणा पट्टी धरून मोजत होते, त्याने एकाच शब्दात तो टेबलावर ठेवून दिला, आणि तोही कुणी मागितला नसताना. जन्मभराची बंदी. कारकुनाने ती वाचली तेव्हा तू मान लववलीस, फोटोतल्यासारखी.

गावात आता काय बोलावं हे कुणालाच कळत नाही. आपल्याला बुडवणारा पंच आपल्यासाठीच चोरी करून गेला होता, याला घोषणा कुठून आणणार? बोन-ते काका काल म्हणाले, "शिवी द्यावी तर तोंडातच राहते." मोठ्या काकांचा फोन आला होता. तुझं नाव पेपरात आल्यामुळे या वर्षी पितरांच्या पूजेला तू येऊ नयेस, असं ते म्हणाले. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. मग तो इकडे येईल." बाबांनी मोठ्या काकांना उलट उत्तर दिलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. तू यायचं की नाही, ते तू ठरव.

पण पत्र त्यासाठी नाही.

बाहेर व्हरांड्यात तू मला विचारलंस, "तुझी जागा तर माझ्या मागेच होती. तुला तेव्हा दिसला नव्हता?" चार वर्षांनी तू मला विचारलेला पहिला प्रश्न. मी म्हणाले, "नाही. व्हिडिओत दिसला." तू म्हणालास, "बरं झालं," आणि लिफ्टकडे गेलास.

मी खोटं बोलले. १९ तारखेच्या पत्रातही तेच खोटं लिहिलं, आणि समितीच्या जबाबातही. तुझ्यासाठी मोकळी जागा सोडली, आणि माझ्या जागेवर मात्र व्हिडिओ ठेवला. समितीला काल पुरवणी कागद पाठवलाय. त्यांना त्याचा काही उपयोग नाही, प्रेक्षकाकडे झेंडा नसतो. तरी पाठवला.

तो चेंडू मला तेव्हाच दिसला होता. उघड्या डोळ्यांनी, रेषेपलीकडे, गवतावर. तुझा हात खालीच आहे हेही दिसलं. आणि मला कळलं, दादा, त्याच क्षणी कळलं, की तू पाहिलंयस आणि उचलत नाहीयेस. मग मी बाबांचा हात धरून उडी मारली आणि घसा फुटेपर्यंत ओरडले.

बाबा माझ्या शेजारीच होते. त्यांना दिसला का, हे मी अजून विचारलेलं नाही.

यो-जिन